पैसे पाठवणे किती सोपे असावे?

महालकर: "पैसे पाठवायला दोनपेक्षा अधिक वेळा बोट टेकवावे लागले, तर ते ॲप बिघडलेले समजावे," असे धरमपेठच्या डिझायनरांनी काल येथे लिहिले आणि 'खात्री आहे का?' हा प्रश्न ग्राहकाच्या बुद्धीचा अपमान ठरवला. मला हे मुळीच पटलेले नाही. माझ्या मामांनी एका उन्हाळ्यात कूलरवाल्याचे १२,००० रुपये त्याच आडनावाच्या रंगाऱ्याला पाठवले. नाव स्क्रीनवर होते, परंतु फिकट करड्या बारीक अक्षरांत. 'पाठवा' मात्र हिरवेगार आणि तळहाताएवढे. समोरच्याच्या संमतीशिवाय रक्कम परत फिरवता येत नाही, असे बँकेने सांगितले. रंगारी भला निघाला म्हणून चार दिवसांनी पैसे आले. मामांची बुद्धी शाबूत आहे, चष्मा तेवढा जुना होता. शिल्लक पाहताना अडवू नका, पण पैसे बाहेर पडताना अडवा, एवढीच माझी मागणी आहे.

धरमपेठचा डिझायनर: मामांविषयी वाईट वाटले, परंतु हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. तेथे स्क्रीन कमी पडली नाही, नाव दिसले नाही. दर वेळी तोच प्रश्न विचारला की माणूस न वाचता 'हो' म्हणतो; आणखी एक स्क्रीन असती, तर मामांनी तीही तशीच ओलांडली असती. ३० जून २०२५ पासून यूपीआयमध्ये फोनमध्ये जतन केलेले नाव नव्हे, तर बँकेच्या नोंदीतले नाव दाखवणे बंधनकारक आहे. खरा उपाय हा आहे, आणि त्यात एकही जादा स्क्रीन नाही.

इतवारीचा व्यापारी: दुकान माझे आणि खाते सुनेच्या नावे, गिऱ्हाईक ते नाव पाहून मलाच विचारते की ही बाई कोण? आता तुमच्या हुशार ॲपविषयी. आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा संकेतांक, ११ अक्षरांचा असतो आणि त्यातले पाचवे नेहमी शून्य असते. मी तेथे इंग्रजी 'ओ' टाकत होतो आणि ॲप अर्धा तास 'अवैध माहिती' एवढेच म्हणत राहिले. शून्य आपोआप करून घ्यायला त्याचे काय जात होते? आणि मराठी निवडली की संदेश येतो, 'खात्यात ५,००० नावे'. घरच्यांनी तो वाचून पैसे आले असे समजले आणि भिशीच्या बायकांना तसे कळवूनही टाकले.

निवृत्त रोखपाल: खात्यातून गेलेल्या रकमेसाठी 'नावे' हा खतावणीतला शुद्ध शब्द आहे आणि तो इतवारीतच समजू नये, याचे आश्चर्य वाटते. आम्ही आयुष्यभर जमा आणि नावे लिहिले.

इतवारीचा व्यापारी: साहेब, मला समजतो; परंतु ॲप काय केवळ मुनिमांसाठी आहे? मी वर 'सुनेच्या नावे' लिहिले, तो अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. सरळ '५,००० रुपये गेले' असे लिहावे.

निवृत्त रोखपाल: 'गेले' आपल्याकडे माणसांविषयी म्हणतात. सकाळी सकाळी बँकेकडून असा संदेश मला नको.

धरमपेठचा डिझायनर: 'खात्यातून वजा' लिहा आणि हा वाद मिटवा. काका, तुमच्या काळी पैसे काढायला टोकन घेऊन तासभर बसावे लागे, हेही सांगा.

निवृत्त रोखपाल: बसावे लागे, आणि त्या तासात सही जुळत नसेल तर मी माणसाला परत बोलावत असे. तुमचे बटण कोणाला बोलावते? साधेपणाची एवढी आस आहे, तर शिल्लक पाहताना कर्जाची जाहिरात मध्येच का येते आणि ती बंद करण्याची फुली तिळाएवढी का असते? अशा १३ क्लृप्त्यांविरुद्ध २०२३ मध्ये केंद्राला मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली. त्या क्लृप्त्या रोखपालांनी शोधल्या नव्हत्या.

धरमपेठचा डिझायनर: फुलीचा आकार मी ठरवत नाही, विक्री विभाग ठरवतो, तरीही टोमणा स्वीकारतो. महालकर, नवे खाते असेल आणि रक्कम नेहमीपेक्षा मोठी असेल, तर तुमची एक स्क्रीन देतो. रोजच्या दूधवाल्यासाठी मात्र मुळीच नाही.

महालकर: उपकार झाले. दूधवाल्याचे मान्य. त्या करड्या अक्षरांचे काय करणार, ते अजून सांगितले नाही.