घोडबंदर किल्ला अर्ध्या तासात संपतो, त्यापुढे काय?

कुणीतरी विचारलंय की ठाण्याहून मुलांना घेऊन घोडबंदर किल्ल्यावर गेलं तर दिवस वाया जाईल का. नुसता किल्ला बघायला गेलात तर जाईल. पोर्तुगीजांनी बांधलेला, १७३७ च्या मोहिमेत मराठ्यांनी घेतलेला. आता बुरूज, तटबंदी आणि पाण्याचं टाकं. पण बुरुजावर उभं राहिलं की वसईची खाडी समोर उलगडते आणि ही जागा का निवडली ते पोरांनाही लगेच कळतं. दोन वर्षांनी, १७३९ साली, चिमाजी अप्पांनी वसई घेतली, ती याच खाडीच्या पलीकडे.

खरी मजा मात्र खाली, कांदळवनाच्या कडेला. ओहोटी बघून जा. चतुर्थी-पंचमीला सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पाणी उतरलेलं असतं. चिखलात निवट्या, म्हणजे चिखलावर फिरणारे छोटे मासे, पंखांवर रेटत सरकतात, मध्येच टुणकन उडी मारतात. शेजारी एक नांगी भलतीच मोठी असलेले खेकडे ती वरखाली हलवत बसतात. नर असतात ते, माद्यांच्या नांग्या लहानच. आमची पोरं तिथून हलायला तयार नव्हती. चिखलात मात्र उतरू देऊ नका, पाय गुडघ्यापर्यंत रुततो.

चालायचंच असेल तर खाडीवरचा पूल ओलांडून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा नागला भाग आहे. बिबट्याचं जंगल आहे, तेव्हा वनखात्याची परवानगी आधी घ्या आणि पोरांना पुढे पळू देऊ नका. ठाण्याहून येताना वाटेत लागणाऱ्या गायमुखच्या ट्रॅफिकबद्दल काय बोलावं! सातच्या आत घर सोडा.