मदत हवी आहे: वकिलीच्या ऑफिसात लावलेल्या चित्रांचा खर्च आयकरात दाखवता येतो का?

कज्जेदलाली_नाही

साताऱ्यात वकिली करते. बहुतेक कामं घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा अशीच. कोर्टाजवळ पहिल्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. आधीच्या भाडेकरूने भिंतींना रेल्वे स्टेशनचा पिवळा रंग फासून ठेवलाय. माझ्याकडे येणारी माणसं आधीच रडवेली असतात, त्यात ह्या भिंती. म्हणून थोडं नीट सजवायचं ठरवलंय.

बाहेर बसायच्या खोलीत पूर्ण भिंतभर वारली काढून घ्यायचं आहे. जव्हारकडचा एक चित्रकार इथे येऊन, राहून काढून देईल. २८ हजार म्हणतोय आणि रोख हवेत. (लग्नचौक फार सुंदर काढतो, पण घटस्फोटाच्या वकिलाच्या दारात लग्नचौक आणि पालघट देवी बरी दिसणार नाही. त्यामुळे तारपा नाच.) माझ्या केबिनसाठी पावसातल्या अजिंक्यताऱ्याचं एक मोठं कॅनव्हास पाहून ठेवलंय, ८५ हजार. आणि आजोबांकडची रविवर्मा प्रेसची लक्ष्मी आहे, तिची काच फुटलीय. नवी फ्रेम करून ती पण लावेन.

यातलं काय काय खर्चात धरता येतं? फी वर्षाला साधारण ३८ लाख येते, बहुतेक बँकेतूनच. भाडं, ज्युनिअर, टायपिस्ट, प्रवास सगळं धरून खर्च १० लाखांच्या आत. जीएसटी नंबर नाही. सीएंना विचारलं तर "मार्चमध्ये बघू" म्हणाले.

निवांत_बापू

एवढा विचार कशाला करताय? 'ऑफिस मेंटेनन्स' म्हणून टाका सगळं. कोण येतंय भिंती बघायला!

खतावणी

बापू, असले सल्ले देऊ नका, नोटीस आली की निस्तरायला आमच्याकडेच येतात.

ताई, चित्रांचं राहू द्या बाजूला. आधी सांगा, तुम्ही ४४ एडीए मध्ये (व्यावसायिकांसाठीची ठोक अंदाजाने उत्पन्न दाखवायची योजना) रिटर्न भरता का? वकिली त्यात बसते. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत (रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत) असली की निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची आणि मोकळं व्हायचं. तुमच्या बाबतीत १९ लाख. खरे खर्च दाखवायला गेलात तर २८ लाखांच्या वर उत्पन्न निघतंय. म्हणजे न केलेल्या ९ लाखांच्या खर्चाची सूट तुम्हाला आधीच मिळते आहे. त्यात भाडं, पगार, घसारा (वस्तू वापरून दरवर्षी उतरते ती किंमत), चित्रं सगळं आलं असं कायदा धरतो. वर आणखी काही वजा होत नाही. तुम्ही भिंतीवर वारली काढा नाहीतर पिवळा रंग ठेवा, करात एक रुपयाचा फरक नाही.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यामुळे कलमांचे आकडे बदललेत, योजना तीच आहे.

कज्जेदलाली_नाही

हो, दोन वर्षं तसंच भरतेय. म्हणजे प्रश्नच मिटला की! पण पुढे फी वाढली आणि ह्या योजनेतून बाहेर पडले तर?

खतावणी

मग हिशेबाच्या वह्या ठेवायच्या, ऑडिट करायचं आणि एकेक गोष्ट वेगळी बघायची.

वारली भाड्याच्या जागेच्या भिंतीवर आहे. जागा सोडली की मालक चुना मारणार, तुमच्या हातात काही उरत नाही. ते रंगकामासारखं त्याच वर्षी खर्चात धरावं असं माझं मत. मात्र रोखीने नको. वह्या ठेवणाऱ्याने एका दिवसात एका माणसाला १० हजारांच्या वर रोख दिले की तो खर्च नामंजूर होतो. यूपीआय करा.

कॅनव्हासची गोष्ट वेगळी. ती टिकाऊ वस्तू, एकरकमी खर्चात जात नाही. फर्निचर-फिटिंगमध्ये धरून वर्षाला १० टक्के घसारा घेणारे आहेत. घेतलेल्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी ५ टक्के. पण चांगल्या चित्राची किंमत उतरत नाही, चढते, तेव्हा घसारा कसला, असं अधिकारी विचारू शकतो. म्हणजे ८५ हजारांवर पहिल्या वर्षी फार तर साडेआठ हजारांची वजावट, त्यासाठी वाद. मी तरी ते चित्र व्यवसायात दाखवणार नाही, स्वतःच्या मालकीचं म्हणून ठेवेन. पुढे विकलं तर मात्र नफ्यावर कर आहे. घरातलं कपाट विकलं तर भांडवली नफ्याचा कर नाही, चित्रांना ती सवलत नाही. २ वर्षांच्या वर ठेवून विकलं तर १२.५ टक्के.

लक्ष्मी वारशाची, तिला तुम्ही पैसे दिलेच नाहीत, त्यामुळे वजा काही नाही. फ्रेमचं बिल खर्चात.

हिरवी_माती

मी चित्रं काढून पोट भरतो, म्हणून दोन शब्द. चित्रकाराकडून साध्या कागदावर का होईना पावती घ्या: त्याचं नाव, तारीख, चित्राचं माप, माध्यम, रक्कम, सही. पुढे विकायची वेळ आली तर हाच कागद लागतो. आमच्यातल्या बहुतेकांना जीएसटी नंबर नसतो, तेव्हा 'टॅक्स इनव्हॉइस' साठी अडून बसू नका.

आणि त्या रविवर्मा प्रेसच्या छापावर फ्रेमवाल्याला डिंक लावू देऊ नका, मागे पुठ्ठाही आम्लविरहित मागा. काच कागदाला टेकता कामा नये. ज्या भिंतीवर ऊन येतं तिथे नको, लाल रंग आधी उडतो.

कज्जेदलाली_नाही

फार उपयोगी, धन्यवाद! शेवटचं एक. एका पक्षकाराला पोटगीचा निकाल हवा तसा मिळाला, तर ते मला एक पेंटिंग भेट द्यायचं म्हणतायत. ४० हजारांचं आहे. ५० हजारांपर्यंतची भेट करमुक्त ना?

खतावणी

नाही. ती मर्यादा मित्र, ओळखीचे अशांकडून येणाऱ्या भेटींना. पक्षकाराने तुमच्या कामापोटी दिलं म्हणजे व्यवसायातून मिळालेला लाभ. रक्कम कितीही असो, किंमत उत्पन्नात धरायची.

कज्जेदलाली_नाही

मग त्यांना कंदी पेढे आणायला सांगते.