प्रति: C मध्ये हॅश टेबल फ्री करताना सेगफॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लावल्याने येणारा क्रॅश)

हॅश टेबलची (की वरून व्हॅल्यू शोधायची रचना) मेमरी परत करताना तुझा प्रोग्रॅम क्रॅश होतोय ना. नोड (टेबलातली एकेक नोंद) फ्री करायच्या आधी नेक्स्ट पॉइंटर (पुढच्या नोडचा पत्ता) बाजूला काढून ठेव हे वरच्या उत्तरात सांगितलंय ते बरोबरच आहे, पण क्रॅश कधी येतो कधी येत नाही म्हणतोयस त्यावरून मला बकेटच्या (नोडच्या साखळ्या जिथून सुरू होतात ते कप्पे) ॲरेवर डाउट येतोय. मॅलॉकने (मेमरी मागायचं फंक्शन) घेतलेली मेमरी शून्य असेलच असं नाही, मग रिकाम्या बकेटमध्ये पण कचरा पत्ता असू शकतो आणि लूप तो नोड समजून त्याच्यामागे पळत सुटतो... कॅलॉक वापर तिथे, ते मेमरी शून्य करून देतं. आणि हॅश (की वरून काढलेला आकडा, ज्यावरून बकेटचा इंडेक्स ठरतो) साध्या इंटमध्ये ठेवलायस का? निगेटिव्ह झाला की इंडेक्स पण निगेटिव्ह, म्हणजे ॲरेच्या आधीच्या जागेत लिहितोयस (मी यात अख्खी रात्र घालवलीय), अनसाइन्ड (निगेटिव्ह न होणारा) कर. बाकी प्रिंटएफ टाकत बसू नकोस, डिबग फ्लॅग (-g) लावून कंपाइल कर नि व्हॅलग्रिंडखाली (मेमरीच्या चुका पकडणारा प्रोग्रॅम) चालव, चूक कुठे ते लाइन नंबरसकट सांगतो. पहिली एरर आधी बघ, खालच्या बऱ्याचशा तिचीच पिल्लं असतात.