मदत हवी आहे: आई-बाबांसोबत कझाकस्तान, १२ दिवसांत काय ठेवू, काय गाळू?

नमस्कार. सप्टेंबरात आई-बाबांना घेऊन कझाकस्तानला जायचं ठरतंय. तिघांचीही तिकडची पहिलीच खेप. भारतीयांना १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, म्हणून १२ दिवस धरलेत.

जायचं ते बाबांसाठी. ३ एप्रिल १९८४ ला राकेश शर्मा अवकाशात झेपावले ते तिथल्या बैकोनूरहून. बाबा तेव्हा तेवीस वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपला नुकतेच लागलेले. पेपरातलं ते कात्रण अजून त्यांच्या कागदपत्रांच्या पिशवीत आहे. घड्यांवर चिरलंय, मागून सेलोटेप लावलीय, आता ती टेपही पिवळी पडलीय. "ती जागा एकदा बघायची," एवढंच म्हणतात. त्यामुळे बैकोनूर हवंच.

अडचण अंतरांची. देश २७ लाख चौरस किलोमीटरचा, आपल्या महाराष्ट्राच्या जवळपास नऊपट, आणि लोक जेमतेम दोन कोटी. माझा बेत असा: अल्माटीला उतरायचं, चारिन कॅन्यन आणि काइंदी तलाव करायचा, रेल्वेने अस्ताना, मग बैकोनूर, परत अल्माटी. कागदावर मांडलं तेव्हा कळलं, निम्मे दिवस गाडीतच जातायत. बाबांचा गुडघा दुखरा आहे. काइंदी मात्र आईने मागितलंय. १९११ च्या भूकंपात दरड कोसळून पाणी अडलं आणि हा तलाव झाला. सूचिपर्णी झाडांची खोडं अजून पाण्यात सरळ उभी आहेत. फोटो बघितल्यापासून तिने दुसरं काही मागितलेलं नाही.

तर अस्ताना गाळू का? बैकोनूरची परवानगी किती आधी काढावी? आणि बाबा माळकरी आहेत, त्यांच्या जेवणाचं काय?

प्रतिसाद:
ताई, मी अल्माटीत मेडिकलला होतो. अस्ताना खुशाल गाळा. ते उत्तरेला, बैकोनूर पश्चिमेला. अल्माटीहून सरळ पश्चिमेकडची रेल्वे धरा: शिमकेंत, तुर्किस्तान, किझिलोर्दा आणि मग त्योरेताम, हेच बैकोनूरचं स्टेशन. एका दमात जाऊ नका. तुर्किस्तानला उतरून मुक्काम करा, गुडघ्यालाही विश्रांती. तिथे तैमूरने बांधायला घेतलेली सूफी संत खोजा अहमद यासावीची समाधी आहे. १४०५ मध्ये तैमूर गेला आणि काम थांबलं, दर्शनी भिंतीतून लाकडी वासे अजून बाहेर आलेले दिसतात.

बैकोनूर रशियाने भाड्याने घेतलेलं आहे, परवानगीशिवाय आत सोडत नाहीत. परवानगी काढून देणाऱ्या ट्रॅव्हल कंपनीकडे निदान दोन-तीन महिने आधी पासपोर्टच्या प्रती द्या. परवानगी हातात आल्याशिवाय विमानाची तिकिटं काढू नका. रॉकेट उडताना दिसेल असं बाबांना सांगू नका, तारखा ऐन वेळी पुढे जातात.

काइंदीला साती गावापुढचा रस्ता फार खडबडीत आहे. जुन्या रशियन व्हॅन जातात, पण शेवटी थोडं पायी उतरावं लागतं. काठी न्या.

जेवणाची काळजी खरी आहे. घोड्याचं मांस तिथे मानाचं, आणि "बेझ म्यासा", म्हणजे मांस नको, असं सांगूनही सूप मांसाच्या पाण्यातलंच येतं. अल्माटीच्या ग्रीन बाजारात कोरियन बायकांकडे गाजराचं सॅलड मिळतं. स्टालिनने १९३७ मध्ये जबरदस्तीने तिकडे हलवलेल्या कोरियन लोकांची ही देणगी. लसूण चालत असेल तर तंदुरी नानसोबत पोटभर होतं. गाडीच्या प्रत्येक डब्यात उकळत्या पाण्याचा बंब असतो, तेव्हा घरून इन्स्टंट पोहे-उपमा, मेतकूट, गूळ-शेंगदाणे भरपूर घ्या.

मूळ लेखिका:
मनापासून आभार! अस्ताना खोडलं. परवानगीचं उद्याच विचारते. एक राहिलं: चार बर्थच्या कुपेत खालचे दोन आई-बाबांना, वरचा मला. चौथाही आम्हीच घ्यावा का? बाबांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, परक्या माणसाची झोपमोड नको.