मदत हवी आहे: हेगचा निकाल देशानं पाळलाच नाही तर?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या अभ्यासिकेत पोरं थायलंड-कंबोडिया सीमेवरच्या प्रेह विहार मंदिराचा वाद वाचत आहेत. फ्रेंचांनी १९०७ मध्ये काढलेल्या नकाशावर थायलंडनं वर्षानुवर्षं हरकत घेतली नाही, म्हणून १९६२ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं मंदिर कंबोडियाचं ठरवलं. हे पोरांना लगेच उमगलं. धुऱ्याचा दगड सरकला अन् कोणी बोललं नाही, की पुढं काय होतं ते इथं घरोघरी माहीत आहे.

अडलं पुढं. मोजणी होऊनही शेजारी वखर आतच घालतो, तसं देशानं केलं तर? संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या कलम ९४ नुसार सुरक्षा परिषदेकडे जाता येतं, पण तिथं पाच बड्या देशांना नकाराधिकार आहे, म्हणजे एकानं नाही म्हटलं की ठराव अडतो. तरी नायजेरियानं याच न्यायालयाचा २००२ चा निकाल मानून २००८ मध्ये बाकासी हे वादातलं द्वीपकल्प शेजारच्या कॅमेरूनला सोपवलं. का मानलं? कोणी अभ्यासलं असेल तर सोप्या मराठीत सांगा, शुक्रवारी पोरांसमोर मांडायचं आहे.