एस्कमचं चर्च इतकं उंच नि अरुंद का?

टाइनकाठची: इंग्लंडच्या उत्तरेतल्या डरहॅम परगण्यातलं एस्कमचं सातव्या शतकातलं चर्च बघून आले. दालनाची लांबी रुंदीच्या तिप्पट, भिंती उंच, खिडक्या इवल्याशा, वेदीची खोली चौकोनी. दक्षिणेकडच्या एसेक्समधलं ब्रॅडवेलचं चर्चही त्याच शतकातलं, पण ते चांगलं ऐसपैस, आणि वेदीकडचा भाग अर्धगोल होता म्हणे. एवढा फरक का? शिवाय एस्कमच्या उत्तर भिंतीत सहाव्या रोमन पलटणीचं नाव कोरलेला दगड उलटा का बसवलाय?

चुनागच्ची: ताई, उलट्या दगडाचं सोपं आहे. दगड जवळच्या बिंचेस्टरच्या पडक्या रोमन किल्ल्यावरून आणलेत. गवंडी दगडाची बैठक बघतो, अक्षरं नाही. मी आयुष्यभर जुन्या वाड्यांची डागडुजी केली, तिथेही हेच. काही दगडांवर टाकीच्या तिरक्या जाळीदार खुणा आहेत, त्या रोमनांच्याच. वेदीपुढची कमानही बहुधा तशीच उचलून आणलेली. आणि तिच्या बाजूचे दगड बघितलेत का? एक उभा, एक आडवा, भिंतीत आत घुसलेला. या बांधणीला तिकडे ‘एस्कम पद्धत’च म्हणतात.

आराखड्याचं मात्र गमतीदार आहे. ५९७ मध्ये धर्मप्रसारक ऑगस्टिन रोमहून दक्षिणेतल्या केंटला आला, त्यामागोमाग वेदीकडचा अर्धगोल भाग दक्षिणेत रुजला. आता ब्रॅडवेलचं चर्च उभारणारा धर्मगुरू केड हा उत्तरेतल्या लिंडिसफार्न मठाच्या तालमीतला, आणि चर्च बांधलं केंटच्या धाटणीचं! म्हणजे धर्मगुरू कुठला यापेक्षा कारागीर कुठले, हे बघायला हवं. उत्तरेत मठाधिपती बेनेडिक्ट बिस्कपने ६७४ च्या सुमारास मंकवेअरमथच्या मठासाठी गॉलमधून, म्हणजे आजच्या फ्रान्सकडून, गवंडी आणले. तिथल्या चर्चचं दालनही असंच उंच-अरुंद.

सागवान: हे सगळं दगड मिळतो तिथलं. एसेक्समध्येच ग्रीनस्टेडच्या चर्चला अकराव्या शतकातली भिंत आहे ती ओकचे चिरलेले ओंडके उभे करून. पूर्वेकडच्या नॉरफकात नुसते चकमकीचे गोटे, म्हणून चर्चचे मनोरे गोल. गोलाला कोपऱ्याचा घडीव दगड लागत नाही.

चुनागच्ची: ग्रीनस्टेड मान्य. गोल मनोऱ्याचं कारण जिथेतिथे वाचतो, पण पटत नाही. अहो, त्याच चर्चच्या दालनांना चार-चार कोपरे आहेतच की!

टाइनकाठची: धन्यवाद काका. पोर्चवरचं सूर्यघड्याळ मूळचंच ना?

चुनागच्ची: नाही, ते बरंच नंतरचं. जुनं दालनाच्या दक्षिण भिंतीत, उंचावर. त्याच्याभोवती साप कोरलाय.