गटाबरोबरच्या पदभ्रमंतीत मागे पडणाऱ्याने काय करावे?

मंदगती यांचा प्रश्न

नमस्कार. मी रोज सकाळी सपाट रस्त्यावर तासभर चालतो, पण गटाबरोबर रानावनातून आणि शेताच्या बांधांवरून चालण्याचा मला अजिबात अनुभव नाही. पुढील महिन्यात होणाऱ्या १२ किलोमीटरच्या एका पदभ्रमंतीत नाव नोंदवावे असे मनात आहे. वाटेत एकूण ४५० मीटर चढ असल्याचे आयोजकांनी कळवले आहे. मला दम्याचा सौम्य त्रास आहे. तो लीडरला आधीच सांगावा का, की तेवढ्यावरूनच नाव नाकारले जाईल? माझ्यामुळे इतरांचा खोळंबा होऊ लागला, तर "तुम्ही पुढे व्हा, मी येतो मागून" असे म्हणणे शिष्टाचाराला धरून होईल का? आणि अगदीच जमेना, तर अर्ध्या वाटेवरून एकट्याने परतावे का?

बांधावरून यांचे उत्तर

दम्याविषयी अवश्य सांगा, आणि तेही चालायला सुरुवात झाल्यावर सर्वांसमोर नव्हे, तर नाव नोंदवतानाच सांगा. लीडरला तुमचा वैद्यकीय इतिहास नको असतो. इनहेलर सॅकच्या कोणत्या कप्प्यात आहे, त्रास सुरू झाल्याची पहिली खूण कोणती आणि तशा वेळी तुम्हाला बसवायचे की उभे राहू द्यायचे, एवढे कळले तरी त्याचे काम भागते. इनहेलर सॅकच्या तळाशी, कपड्यांच्या घडीखाली न ठेवता खिशात किंवा वरच्या कप्प्यात ठेवा. दमा बराच काळ आटोक्यात नसेल, तर मात्र आधी डॉक्टरांचा सल्ला घेणे बरे.

वेळेचा अंदाज तुम्हाला घरबसल्या काढता येईल. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरात आहे. दर ५ किलोमीटरला १ तास धरायचा आणि दर ६०० मीटर चढासाठी आणखी १ तास मिळवायचा. त्या हिशेबाने तुमच्या वाटेला साधारण ३ तास १० मिनिटे लागतात. मात्र हा हिशेब सरावलेल्या माणसाचा आहे आणि त्यात विश्रांती, फोटो, चिखल, कुंपण ओलांडताना लागणारी रांग यांपैकी काहीही धरलेले नाही. मिश्र गटाला हेच अंतर कापायला साडेचार तास लागले, तर मला मुळीच नवल वाटणार नाही. आयोजकांनी याहून फारच कमी वेळ जाहीर केला असेल, तर तो गट तुमच्यासाठी नाही, असे समजा.

"तुम्ही पुढे व्हा" हे वाक्य मात्र कृपया उच्चारू नका. ते सौजन्याचे वाटते खरे, पण त्यामुळे लीडरचे काम अवघड होते. नीट चालवलेल्या गटात एक लीडर पुढे असतो आणि सर्वांत मागे एक सहलीडर असतो, ज्याच्या मागे कोणीही राहायचे नसते. तुम्ही कितीही सावकाश चाललात तरी तो तुमच्या मागेच राहील. प्रत्येक फाट्यावर पुढच्यांनी थांबायचे आणि सहलीडर दृष्टीस पडल्याशिवाय वळायचे नाही, एवढे काटेकोरपणे पाळले, तर चुकामूक होण्याचे प्रसंग फारच कमी येतात. येथे एक अन्याय नेहमी घडतो. पुढचे लोक दहा मिनिटे थांबून ताजेतवाने होतात आणि शेवटचा माणूस धापा टाकत पोहोचताच "चला" म्हणून निघतात, म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज असते त्यालाच ती मिळत नाही. तसे झाले तर संकोच न करता पाच मिनिटे मागून घ्या.

परतण्याविषयी सांगायचे तर, लीडरला प्रत्यक्ष सांगितल्याशिवाय कधीही गट सोडू नये, कारण तुम्ही घरी सुखरूप पोहोचलेले असताना इकडे लोक अंधारात तुम्हाला हाका मारत फिरत असतील. वाट सोपी व ओळखीची असेल, तर तो जाऊ देईल. नसेल, तर कोणाला तरी सोबत देईल. हेच लघुशंकेसाठी आडोशाला जाणाऱ्यांनाही लागू आहे. शेजाऱ्याला सांगून जावे आणि सॅक वाटेच्या कडेला, ज्या बाजूला गेलो त्याच बाजूला ठेवावी. ती दिसली की सहलीडर आपोआप थांबतो.

झपझप यांचे उत्तर

वरील बहुतेक मुद्दे मान्य आहेत, पण सगळा भार वेगाने चालणाऱ्यांवर टाकलेला मला पटत नाही. "सर्वांसाठी सोपी वाट" असे जाहिरातीत लिहायचे आणि प्रत्यक्षात खडा चढ चढवायचा, ही चूक आयोजकांची असते. तिचा राग मात्र पुढे चालणारे आणि मागे पडणारे एकमेकांवर काढतात. शिवाय थंड वाऱ्यात घामाने भिजलेल्या अंगाने वीस मिनिटे उभे राहणे पुढच्यांनाही अपायकारकच असते, कारण ओल्या कपड्यांतून शरीराची उष्णता फार लवकर निघून जाते. मंदगती यांनी आयोजकांना सरळ विचारावे की ताशी किती किलोमीटर चालणार, किती वेळा थांबणार आणि मध्येच वाट सोडून पक्क्या रस्त्याला लागता येईल असे ठिकाण कोठे आहे. या तिन्ही प्रश्नांना नेमकी उत्तरे न देणाऱ्या गटाबरोबर मी स्वतः जाणार नाही.

बांधावरून यांचे उत्तर

झपझप यांचे म्हणणे रास्त आहे. थांबताच, थंडी वाजण्याची वाट न पाहता, अंगात एक जादा थर चढवावा, ही त्यात माझी भर. पण हे सांभाळूनही फाट्यावर थांबण्याला पर्याय नाही.

गोठ्याकडची यांचे उत्तर

आमची शेती अशाच एका पायवाटेला लागून आहे, म्हणून पलीकडच्या बाजूने थोडे लिहिते. वीस-पंचवीस माणसे एका ओळीत गेली, तर पिकाला काही होत नाही. तीच माणसे गप्पा मारत तीन-तीनच्या रांगेत गेली, की वाटेच्या दोन्ही बाजूंची रोपे आडवी होतात. चिखल आला तर बूट भिजू द्यावेत. प्रत्येक जण चिखलाला वळसा घालू लागला की पायवाट दरवर्षी रुंदावते आणि ती जागा शेतातूनच जाते.

फाटक जसे असेल तसेच ठेवावे. ते उघडे असेल, तर जनावरांना पाण्यावर जाता यावे म्हणून आम्हीच उघडे ठेवलेले असू शकते. गटात हमखास घोटाळा होतो तो असा, की पहिला फाटक उघडतो, मधला प्रत्येक जण "मागचा लावील" असे गृहीत धरतो आणि शेवटच्याला ते मुळात लावलेले होते हेच ठाऊक नसते. त्यामुळे ज्याने उघडले त्यानेच सर्व जण जाईपर्यंत तेथे उभे राहावे, किंवा सहलीडरला स्पष्ट सांगून पुढे जावे.

गायींच्या कळपात वासरे असतील, तर लांबून वळसा घ्यावा आणि गाय व वासरू यांच्यामधून कदापि जाऊ नये. कुत्रा आणायचा झाल्यास लीडरची परवानगी हवी आणि जनावरांजवळ तो आखूड साखळीवर हवा. मात्र गाय अंगावर धावून आलीच, तर साखळी सोडून द्यावी. तिचा रोख बहुधा कुत्र्यावर असतो आणि कुत्रा तिच्यापेक्षा वेगाने पळू शकतो, माणूस पळू शकत नाही.

मंदगती यांचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आयोजकांना झपझप यांचे तिन्ही प्रश्न आजच लिहून पाठवले असून त्यातच दम्याचाही उल्लेख केला आहे. आणखी एक विचारतो. साहित्याच्या यादीत शिट्टी लिहिली आहे. गटात असताना तिचा उपयोग काय?

बांधावरून यांचे उत्तर

धुके आले किंवा वाट चुकली, तर ओरडून घसा लवकर बसतो. शिट्टीचा आवाज दूरवर जातो आणि दमही कमी लागतो, जे तुमच्या बाबतीत विशेष महत्त्वाचे आहे. डोंगरभागात सर्वमान्य असलेली मदतीची खूण म्हणजे एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, आणि पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचे असते. उत्तर ऐकू आले तरी शोधणारे प्रत्यक्ष पोहोचेपर्यंत खूण चालूच ठेवावी, म्हणजे त्यांना दिशा धरता येते. शिट्टी सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याला अडकवा आणि गंमत म्हणून वाजवू नका.